प्रौढांच्या ऑटिझमचे मूल्यमापन : एरंडवण्यातील एका खासगी केंद्राविषयी

एरंडवण्यात, नळ स्टॉप मेट्रो स्थानकापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, प्रौढ व्यक्तींच्या ऑटिझमचे सविस्तर मूल्यमापन करणारे एक छोटे खासगी केंद्र आहे. लहान मुलांच्या तपासणीची सोय पुण्यात बऱ्याच ठिकाणी आहे; परंतु तिशी ओलांडलेल्या, नोकरी करणाऱ्या, अस्खलित बोलणाऱ्या आणि आधीच बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराचे निदान मिळालेल्या व्यक्तीला ते निदान पुन्हा तपासून घ्यायचे असेल, तर तिने कोठे जावे हे सांगणारे लोक फार थोडे भेटतात. माझ्या मुलीच्या बाबतीत आम्ही अशाच जागेच्या शोधात होतो. तिचे मूल्यमापन आता पूर्ण झाले असून, त्या अनुभवाच्या आधारे हे परीक्षण लिहीत आहे. मुलीने ते वाचले आहे, त्यातील काही मजकूर तिने काढायला लावला आहे आणि केंद्राचे नाव देऊ नये ही तिचीच अट आहे, कारण आमच्या परिसरात तिला ओळखणारे पुष्कळ आहेत.

माझे मत आधीच सांगतो. खर्च आणि गैरसोय जमेस धरूनही ही सेवा घेण्याजोगी आहे. केंद्राने आम्हाला हवे ते निदान दिले म्हणून हे म्हणत नाही. वर्तनाची केवळ नोंद करून तेथील मंडळी थांबत नाहीत. त्यामागचे कारण विचारतात, ते कारण बालपणापर्यंत मागे नेऊन तपासतात आणि जुने निदान बरोबर असण्याची शक्यताही तितक्याच गांभीर्याने पाहतात. पहिल्याच भेटीत मानसशास्त्रज्ञ बाईंनी आम्हाला स्पष्टपणे सांगितले की, शेवटी ऑटिझम नाही असेही निघू शकते, दोन्ही आहेत असेही निघू शकते, आणि यांपैकी कोणत्याही उत्तराची तयारी नसेल तर आताच थांबणे योग्य ठरेल. पैसे भरण्यापूर्वी हे सांगितले गेले, याचे मला मोल वाटते.

ऑटिझम असलेल्या व्यक्तीला बॉर्डरलाइनचे निदान मिळण्याची गफलत का होते हे समजल्याशिवाय या सेवेचे वेगळेपण कळणार नाही. मानसिक विकारांच्या निदानासाठीच्या डीएसएम-५ या अमेरिकी नियमावलीत बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराचे ९ निकष दिले असून त्यांपैकी किमान ५ लागू पडले तर निदान करता येते. कोणी आपल्याला सोडून जाईल या भीतीपोटी केलेली धडपड, टोकाची आणि अस्थिर नाती, स्वतःविषयीची डळमळीत प्रतिमा, मागचापुढचा विचार न करता केलेली कृती, स्वतःला इजा करून घेणे, झपाट्याने पालटणारी मनःस्थिती, सततचे रितेपण, अनावर राग आणि ताणाच्या काळात येणारा संशय किंवा तुटलेपण, असे ते निकष आहेत. ऑटिझमचे निकष वेगळ्याच अंगाने लिहिलेले आहेत : सामाजिक देवाणघेवाणीतील अडचणी, आणि त्यांच्या जोडीला ठरावीकपणाची ओढ, एखाद्या विषयातील अतितीव्र रस, आवाज-प्रकाश-स्पर्श यांविषयीची कमी-अधिक संवेदनशीलता. कागदावर या दोन याद्यांत साम्य दिसत नाही. परंतु अनेक वर्षे स्वतःला इतरांसारखे भासवत दमून गेलेली ऑटिस्टिक स्त्री जेव्हा मानसोपचारतज्ज्ञांपुढे बसते, तेव्हा तिच्या बोलण्यातून आणि इतिहासातून पहिल्या यादीतील गोष्टीच आधी पुढे येतात. ती रडते, चिडते, स्वतःला इजा करते, तिची नाती टिकत नाहीत आणि आपण कोण आहोत हे तिला सांगता येत नाही. प्रत्यक्ष उपचारांच्या ठिकाणी बॉर्डरलाइनचे निदान स्त्रियांमध्ये अधिक होत आले आहे, तर ऑटिझम ही मुलग्यांची बाब आहे अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. त्यामुळे डॉक्टरांचे मनही त्याच दिशेने आधी झुकते.

ही सीमारेषा मुळापासूनच पुसट होती, हे मला या निमित्ताने वाचन करताना कळले. ग्रुन्या सुखारेवा या सोव्हिएत बालमानसोपचारतज्ज्ञांनी १९२५ साली काही मुलग्यांची जी वर्णने प्रसिद्ध केली, ती आज वाचणारा कोणीही त्यांना ऑटिझमची वर्णने म्हणेल. त्यांनी मात्र ती स्किझॉइड सायकोपॅथी या नावाखाली मांडली होती. व्हिएन्नातील हान्स आस्परगर यांनीही १९४४ साली आपल्या लेखात मुलांमधील ऑटिस्टिक सायकोपॅथी असाच शब्दप्रयोग केला, आणि त्या काळी सायकोपॅथी म्हणजे ढोबळमानाने व्यक्तिमत्त्वाचा विकार. १९८० च्या डीएसएम-३ मध्ये शैशवातील ऑटिझम आणि बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार ही दोन्ही निदाने प्रथमच अधिकृतपणे आली, पण एक बालरोगांच्या भागात आणि दुसरे प्रौढांच्या. एकाच व्यक्तीसाठी दोन्ही पाने उघडून पाहावीत, असे बहुतेक डॉक्टरांच्या शिक्षणात नव्हतेच.

माझ्या मुलीचे जुने निदान एका मोठ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात झाले. बाहेर रांग होती, डॉक्टर सौजन्याने वागले आणि त्यांनी विचारलेले प्रश्न चुकीचे नव्हते; परंतु ती चार वर्षांची असताना कशी होती हे त्यांनी विचारले नाही, आणि आम्ही दोघे बाहेर बसलेलो असूनही आम्हाला आत बोलावले गेले नाही. पुढे तिला डायलेक्टिकल बिहेविअर थेरपीच्या, म्हणजे तीव्र भावना सांभाळण्याची कौशल्ये शिकवणाऱ्या मानसोपचाराच्या, गटात पाठवण्यात आले. मार्शा लिनेहन यांनी विकसित केलेल्या या उपचारपद्धतीने असंख्य लोकांचे जीव वाचवले आहेत आणि तिच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु पांढऱ्या प्रखर दिव्यांच्या खोलीत अनोळखी माणसांबरोबर बसून नाट्यप्रवेशासारखे सराव करणे मुलीला झेपेना, ती घरी येऊन तासन्‌तास पडून राहू लागली, आणि केस पेपरवर मात्र ‘उपचारांना सहकार्य कमी’ अशी नोंद झाली. ते वाक्य तिने वाचले. त्यानंतर बराच काळ ती स्वतःला उपचारांनाही नालायक समजत राहिली, आणि बाप म्हणून मला या सगळ्यात सर्वाधिक सलते ते हेच.

आता प्रत्यक्ष सेवेविषयी. मूल्यमापन काही बैठकांत विभागलेले असते. सुरुवातीच्या भेटीतच आत्महत्येच्या विचारांविषयी थेट आणि शांतपणे विचारले गेले, संकटाच्या वेळी कोणाला फोन करायचा हे लिहून घेतले गेले, आणि त्या कागदावर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही होता. नंतर प्रश्नावल्या भरायच्या असतात. ऑटिझमची लक्षणे चाचपणारी ८० विधानांची आरएएडीएस-आर आणि मुखवटा धारण करण्याची सवय मोजणारी २५ विधानांची कॅट-क्यू या दोन्ही तिच्याकडून भरून घेतल्या. या प्रश्नावल्यांचे गुण म्हणजे निदान नव्हे, हे केंद्राने वारंवार सांगितले. सध्या जो तो मोबाइलवर त्या भरून स्वतःचा निकाल लावत असताना हे सांगणे फार गरजेचे आहे, कारण चिंता, नैराश्य किंवा जुना आघात असलेल्या माणसाचेही गुण त्यांत वर जातात.

खरे काम झाले ते माझ्या पत्नीच्या मुलाखतीत. ही बैठक संपूर्ण मराठीत झाली. बाईंनी विचारले, “काकू, ती चार-पाच वर्षांची असताना भातुकली कशी खेळायची?” पत्नी म्हणाली, “खेळायची कुठे? मांडायची.” आणि मग एकेक आठवण निघत गेली. पितळेची भांडी आकाराप्रमाणे ओळीत लागायची, चुलत बहिणींनी त्यांत खोटाखोटा भात शिजवायला घेतला की ही सगळे गोळा करून पहिल्यापासून मांडायची. पीएमटीच्या कोणत्या क्रमांकाची बस कोणत्या थांब्यावरून कोठे जाते हे तिला पाठ असायचे, आणि घरी पाहुणे आले की आम्ही कौतुकाने तिच्याकडून ते म्हणवून घ्यायचो. गणवेशाच्या कॉलरची आतली शिवण उसवून दिल्याशिवाय ती शाळेत जात नसे. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर नेले तर ढोल जवळ येताच ती कान दाबून खाली बसायची, आणि घरातले सगळे तिला हट्टी म्हणायचे. बाईंनी यातील प्रत्येक गोष्टीचे वय, वारंवारता आणि ती कधी कमी झाली का, हे टिपून घेतले. आम्ही नेलेल्या प्रगतिपुस्तकांतील शेरेही त्यांनी वाचले. ‘अभ्यासात हुशार, मुलींत मिसळत नाही’ हा शेरा वर्गशिक्षिका बदलल्या तरी दर वर्षी होता.

या तपशिलांना एवढे महत्त्व का, तेही त्यांनी समजावून दिले. डीएसएम-५ नुसार ऑटिझमची लक्षणे विकासाच्या सुरुवातीच्या काळापासून असावी लागतात, मात्र समाजाच्या अपेक्षा झेपेनाशा होईपर्यंत ती पूर्णपणे दिसणार नाहीत, किंवा शिकून घेतलेल्या युक्त्यांमुळे झाकली जातील, हेही त्या निकषांतच मान्य केलेले आहे. बॉर्डरलाइनचा आकृतिबंध साधारणतः पौगंडावस्थेत किंवा तारुण्याच्या आरंभी उमटू लागतो. त्यामुळे भातुकलीच्या वयात काय होते, या प्रश्नाचे उत्तर नसताना केलेला निर्णय अर्धवट माहितीवरचा ठरतो. आईवडील हयात नसतील किंवा बालपण छळात गेले असेल तर हा धागा अवघड होतो, हेही बाईंनी प्रामाणिकपणे सांगितले.

यानंतर ऑटिझमसाठीच्या एडॉस-२ या निरीक्षण-चाचणीचा प्रौढांसाठीचा भाग झाला आणि वेगळ्या दिवशी व्यक्तिमत्त्व विकारांची संरचित मुलाखत झाली. ही दुसरी मुलाखत अनेक ठिकाणी घेतलीच जात नाही, असे मला चौकशीत आढळले, आणि माझ्या मते या सेवेचा खरा कस तिच्यातच आहे. मुलीच्या परवानगीने त्यातील एकच प्रसंग देतो. जुन्या केस पेपरवर ‘मैत्रिणीचा फोन न आल्यास आत्यंतिक अस्वस्थता, सोडून जाण्याची भीती’ असे लिहिले होते. बाईंनी त्यावर विचारले की, त्या संध्याकाळी मनात नेमके काय चालले होते? मुलगी म्हणाली, “ती सातला फोन करते म्हणाली होती. सव्वासात झाले. आता आठला येईल की येणारच नाही ते कळेना, त्यामुळे जेवायला बसावे की थांबावे हे ठरवता येईना.” ती मैत्री तोडेल असे वाटले का, यावर तिचे उत्तर होते, “नाही. ती का तोडेल?” आणि सातलाच तिचा निरोप आला असता की फोन नऊला करते, तर? “मग काहीच प्रश्न नव्हता.”

या एका उत्तरावर बाईंनी निष्कर्ष काढला नाही. त्यांनी तिच्या इतर नात्यांविषयी, तुटलेल्या मैत्रींविषयी, आमच्या घरातील भांडणांविषयी तितक्याच बारकाईने विचारले. जेथे खरोखरच नाकारले जाण्याची भीती होती तेथे ती तशीच नोंदवली, कारण लहानपणापासून वर्गात एकटी पडलेल्या मुलीला ती भीती असणारच. रागाच्या प्रसंगांचा त्यांनी तक्ता केला : वेळ, जागा, त्याआधीचे काही तास, आणि नंतर शांत कशामुळे झाली. उत्सवाआधीच्या आठवड्यांत नदीकाठी चालणारा ढोलपथकांचा सराव आमच्या घरात रात्रीपर्यंत ऐकू येतो, आणि तिचे बरेचसे उद्रेक त्याच संध्याकाळी किंवा ठरलेला बेत आयत्या वेळी बदलला त्या दिवशी झालेले होते. शांतता आणि अंधारी खोली मिळाली की ते ओसरत, समजूत घातली की वाढत. बॉर्डरलाइनमध्ये सर्वसाधारणपणे ठिणगी नात्यातून पडते आणि जवळच्या माणसाच्या आश्वासनाने काहीसा उतार पडतो. हा फरक निश्चित नियम नाही, पण तक्ता भरल्यावर तो डोळ्यांना दिसतो.

‘मी ऑफिसात एक असते, घरी एक, खरी कोण ते कळत नाही’ हे तिचे वाक्य पूर्वी अस्थिर ओळखीचे लक्षण म्हणून लिहिले गेले होते. येथे तिला विचारले गेले की ऑफिसातली ती कोठून आली? तेव्हा तिने सांगितले की शेजारच्या टेबलावरील सहकारिणीचे हसणे, बोलण्यातले थांबे, ‘अगं’ म्हणण्याची लकब तिने पाहून पाहून उचलली आहे. तिची मूल्ये, आवडी, सचोटीविषयीचे आग्रह मात्र शाळेपासून तेच आहेत. रितेपणाच्या नोंदीचेही तसेच. कसे वाटते असे विचारल्यावर ती ‘काही नाही’ म्हणते, कारण पोटातील कळ ही भूक आहे की भीती हे तिला चटकन उमगत नाही. भावना ओळखण्यातील या अडचणीला अलेक्सिथायमिया म्हणतात. ती ऑटिस्टिक लोकांत बरीच आढळते, पण केवळ त्यांच्यातच आढळते असे नाही.

अहवालात ऑटिझमचे निकष पूर्ण होतात, बॉर्डरलाइनचे सध्या पूर्ण होत नाहीत, चिंता आणि नैराश्य आहे, आणि वर्षभराने व्यक्तिमत्त्वाच्या भागाचा फेरआढावा घ्यावा, असे म्हटले आहे. प्रत्येक जुन्या निकषापुढे तो का लागू केला गेला असावा आणि आता कसा वाचला, हे सकारण लिहिले आहे. अशी मांडणी असल्यामुळे तिच्या मानसोपचारतज्ज्ञांनी तो अहवाल बाजूला न ठेवता वाचला आणि औषधांचा फेरविचार त्यांच्या देखरेखीखाली सुरू झाला. केंद्र स्वतः औषधे देत नाही, आणि अहवाल हातात आल्यावर कोणी परस्पर औषध बंद करू नये, हे त्यांनी अहवालातही लिहिले आहे.

उणिवाही लहान नाहीत. वेळ घेण्यासाठी फोनच करावा लागतो. ज्यांना फोनवर बोलणे जड जाते अशाच लोकांसाठी असलेल्या केंद्राने ई-मेल किंवा व्हॉट्सअॅपची सोय न ठेवणे मला अक्षम्य वाटते. प्रतीक्षागृह अरुंद आहे, तेथील ट्यूबलाइट सतत घुमते, खिडकीतून हॉर्नचे आवाज येतात आणि नाव मोठ्याने पुकारले जाते. मुलगी पहिल्या भेटीत आत जाण्यापूर्वीच थकून गेली होती. दीड-दोन महिने थांबावे लागले आणि सर्व मिळून सुमारे १८,००० रुपये लागले. आमच्या विम्यात बाह्यरुग्ण तपासणी बसत नसल्याने ते सगळे खिशातून गेले. ज्या घरात हा खर्च शक्य नाही त्यांच्यासाठी सवलतीची कोणतीही योजना तेथे नाही.

भाषेची उणीव मला सर्वांत मोठी वाटते. मुलाखती मराठीत होतात, पण प्रश्नावल्या इंग्रजीत आहेत आणि अडेल तेथे तोंडी अर्थ सांगितला जातो. हा अर्थ प्रत्येक वेळी तोच राहत असेल का, अशी शंका येते. अहवालही संपूर्ण इंग्रजीत आहे. ज्या आईच्या आठवणींवर त्याचा अर्धा भाग उभा आहे, तिला तो मी वाचून दाखवावा लागला. दोन पानांचा मराठी सारांश देणे या केंद्राला अशक्य नाही आणि मी तसे लेखी कळवले आहे. निदानानंतरच्या आधारासाठी मोजक्याच बैठका मिळतात. त्यानंतर प्रौढांसाठी पुढे काय, याचे समाधानकारक उत्तर त्यांच्याकडे नाही.

खासगी अहवाल म्हणजे अपंगत्वाचे प्रमाणपत्र नव्हे, हेही आधी समजून घ्यावे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील २१ प्रकारांत ऑटिझम आहे, परंतु प्रमाणपत्र सरकारी यंत्रणेकडूनच मिळते. त्यासाठी वापरली जाणारी आयएसएए ही ४० बाबींची भारतीय मापनश्रेणी समोर दिसणाऱ्या वर्तनावर भर देते, आणि तिच्यात ७० पेक्षा कमी गुण मिळाले तर ऑटिझम नाही असा अर्थ घेतला जातो. मुखवटा सांभाळून चार तास बोलू शकणाऱ्या प्रौढ स्त्रीला त्या श्रेणीत कमी गुण पडणे सहज शक्य आहे. केंद्राने हे आम्हाला आधीच सांगितल्यामुळे खोटी आशा बाळगली गेली नाही.

एका गोष्टीविषयी मला कळकळीने लिहावेसे वाटते. प्रतीक्षागृहात भेटलेल्या काही कुटुंबांच्या बोलण्यात बॉर्डरलाइनचा शिक्का पुसून घ्यायचा आहे, असा सूर होता. तो विकार म्हणजे कलंक नव्हे. ज्यांना तो आहे त्यांचे दुःख अस्सल आहे, त्यावर उपचार आहेत आणि त्यांनी पुष्कळांना बरे वाटते. आयसीडी-११ या २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या जागतिक वर्गीकरणानेही व्यक्तिमत्त्व विकारांचे जुने कप्पे मोडून तीव्रतेवर भर दिला आहे आणि बॉर्डरलाइन आकृतिबंधाची नोंद स्वतंत्र ठेवली आहे. दोन्ही निदाने एकाच व्यक्तीत असू शकतात. म्हणून केवळ जुने नाव नकोसे झाले आहे एवढ्याच कारणाने येथे जाऊ नये. बालपणापासूनच्या खुणा आठवत असतील आणि चालू उपचार सतत चुकीच्या जागी लागत आहेत असे वाटत असेल, तर अवश्य जावे.

जाण्याआधी संबंधित मानसशास्त्रज्ञ भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणीकृत आहेत का आणि व्यक्तिमत्त्वाची मुलाखत मूल्यमापनात समाविष्ट आहे का, हे दोन प्रश्न विचारून घ्यावेत. जुने केस पेपर मागताना रुग्णालयाने टाळाटाळ केली तर मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ च्या कलम २५ चा आधार घ्यावा. स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्क त्यात दिलेला आहे. वेळ सकाळची पहिली मागावी, कारण तेव्हा प्रतीक्षागृहात गर्दी नसते. सोबत शाळेची प्रगतिपुस्तके, लहानपणीचे फोटो किंवा चित्रफिती, चालू औषधांची यादी आणि शक्य असल्यास आई, आजी किंवा सांभाळणारी मावशी, यांपैकी ज्यांना ते मूल चार वर्षांचे असताना आठवते अशा कोणाला तरी न्यावे.